पहिले बहात्तर तास



आजचा विषय ऑनलाइन छळाचा आणि त्याविरुद्धच्या फौजदारी कायद्याचा आहे. तो जयपुरात, मराठी श्रोत्यांपुढे मांडायला एक कारण आहे आणि ते सुखाचे नाही. २०२२ च्या सप्टेंबरात पुण्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने ऑनलाइन धमक्यांपायी आत्महत्या केली. समाजमाध्यमावर बाईच्या नावाने ओळख काढायची, गोड बोलून फोटो मिळवायचा किंवा व्हिडिओ कॉल टिपून ठेवायचा, मग ‘तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवतो’ म्हणून पैसे मागायचे आणि पैसे आले की पुन्हा मागायचे, असा हा धंदा. दत्तवाडी पोलिसांनी माग काढला तो अलवर जिल्ह्यापर्यंत पोचला. पुण्यातले एक घर उद्ध्वस्त झाले आणि धमक्या दिल्या जात होत्या त्या जयपूरपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरून. तुमच्या माहेरच्या आणि सासरच्या, जन्माच्या आणि कर्माच्या दोन्ही राज्यांचा हा गुन्हा आहे.

अशी बातमी आली की आपण सगळे एकच वाक्य बोलतो: कायदे कडक करा. मीही तेच म्हणणार आहे. पण कडक म्हणजे काय? तीन वर्षांची शिक्षा सात करायची? सातची जन्मठेप करायची? पुण्यातल्या त्या मुलाला वाचवायचे असते तर शिक्षेच्या कलमातला आकडा वाढवून तो वाचला असता का? धमकी देणाऱ्याने दंड संहिता उघडून वर्षे मोजली नव्हती. आपल्यापर्यंत कोणी पोचत नाही, एवढेच त्याला ठाऊक होते. आणि त्या मुलाला काय ठाऊक होते? आपण कुठे गेलो तर आजच्या आज हे थांबेल, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: ऑनलाइन छळाविरुद्धच्या कायद्याचे बळ निकालाच्या दिवशी किती वर्षे सुनावली यावर ठरत नाही. तक्रार आल्यावरच्या पहिल्या बहात्तर तासांत कोणी काय केलेच पाहिजे, आणि केले नाही तर त्याला काय भोगावे लागेल, यावर ते ठरते. कायदा कडक करायचा तो तिथे.

याला पुरावा काय? दोन जुने खटले शेजारी ठेवून पाहा. २००४ च्या फेब्रुवारीत चेन्नईत एका महिलेने तक्रार केली. याहूच्या गटांवर कोणीतरी तिच्या नावाने घाणेरडे मजकूर टाकत होता, तिचा फोन नंबर देत होता आणि तिला अनोळखी पुरुषांचे फोन येत होते. पोलिसांनी आरोपी मुंबईत शोधला, उचलला, मार्चमध्ये आरोपपत्र दिले आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला एग्मोरच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६७ व्या कलमाखालची देशातली ती पहिली शिक्षा मानली जाते. आता मुंबईचा खटला. सहकाऱ्याकडून येणाऱ्या अश्लील ई-मेलबद्दल एका महिलेने २००९ मध्ये तक्रार केली आणि निकाल लागला २०१५ मध्ये. या दोन तक्रारींच्या मध्ये, २००८ साली, अधिनियमात मोठी दुरुस्ती होऊन नवी कलमे आली होती. म्हणजे कायदा जास्त सशक्त झाल्यावर न्यायाला सहा वर्षे लागली आणि कायदा दुबळा असताना नऊ महिने पुरले. फरक कलमांचा नव्हता.

त्याहून ठसठशीत उदाहरण २०२१ आणि २०२२ चे आहे. २०२१ च्या जुलैत ‘सुल्ली डील्स’ नावाचे ॲप निघाले. शिकल्यासवरल्या, लिहित्याबोलत्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. दिल्लीत गुन्हा दाखल झाला आणि सहा महिने एकही अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ या नावाने तोच प्रकार पुन्हा झाला. या वेळी मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा घेतला आणि दोन-तीन दिवसांत बंगळूर आणि उत्तराखंडातून अटका झाल्या. त्यानंतर आठवडाभरात दिल्ली पोलिसांना सुल्ली डील्सचा कर्ताही इंदूरला सापडला. कलमे तीच, देश तोच, तंत्रज्ञान तेच. जे आठ दिवसांत झाले ते आधीचे सहा महिने का झाले नाही? मुंबई पोलिसांचे मी मनापासून कौतुक करतो. पण देशभर गदारोळ झाला म्हणून हलणारी यंत्रणा ही कायद्याची ताकद म्हणता येत नाही, ती त्या स्त्रियांच्या आवाजाची ताकद होती. जिचा आवाज वर्तमानपत्रात पोचत नाही त्या सांगानेरच्या किंवा सांगोल्याच्या मुलीने काय करायचे?

आता महाराष्ट्राकडे वळू. महाराष्ट्राने या प्रश्नावर मनापासून प्रयत्न केला, त्याचे नाव ‘शक्ती’ विधेयक. आंध्र प्रदेशच्या २०१९ च्या ‘दिशा’ विधेयकाच्या धर्तीवर ते २०२० मध्ये आले, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि २०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केले. या विधेयकाची चर्चा कशावर झाली? बलात्काराला सुचवलेल्या फाशीवर. मथळे आले ते फाशीचे, भाषणे झाली ती फाशीची, आणि पुढे आक्षेप निघाले तेही मुख्यतः तिथेच. पण त्याच विधेयकात दोन तरतुदी होत्या ज्यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. कोणत्याही संपर्कमाध्यमातून केलेल्या छळाला स्वतंत्र गुन्हा मानणारी एक. आणि दुसरी, मला सर्वांत मोलाची वाटणारी: समाजमाध्यम कंपनीने किंवा इंटरनेट सेवा देणाऱ्याने तपासाला लागणारी माहिती दिली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पंचवीस लाख रुपयांपर्यंत दंड. राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि जिच्यात दुरुस्ती करायची ती संहिताच उरली नाही. फाशीच्या ओझ्याखाली कामाचे कलमही बुडाले. याची खंत महाराष्ट्राने बाळगली पाहिजे.

ते कलम इतके कामाचे का? पोलीस ठाण्यात काय घडते ते जवळून पाहा. मुलगी फोन पुढे करते. खाते खोट्या नावाचे आहे. त्या खात्यामागे कोणता मोबाइल नंबर आहे, ते कोणत्या आयपी पत्त्यावरून उघडले, हे फक्त कंपनी सांगू शकते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत लिहिले आहे की रीतसर मागणी आल्यावर कंपनीने बहात्तर तासांच्या आत माहिती द्यावी, आणि खासगी अवयवांचे चित्र असेल तर तक्रारीनंतर नेमून दिलेल्या तासांत ते काढावे. नियम चांगला आहे. पण मोडला तर? इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कायद्याने दिलेले संरक्षण कंपनी गमावते, असे उत्तर आहे. म्हणजे पुढे कधीतरी कोणी खटला भरला तर तिला ती ढाल वापरता येणार नाही. एवढ्या लांबच्या भीतीने कोणी धावत नाही. त्यात माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ७८ वे कलम म्हणते की तपास निरीक्षकाच्या हुद्द्याखालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. ठाण्यात निरीक्षक किती असतात आणि बंदोबस्त किती असतो, हे सांगायला नको. मग गुन्हा दाखल न होता साधा ‘अर्ज’ घेतला जातो, अर्जावर शिक्का पडतो आणि ‘बघतो’ हा शब्द मिळतो. ती मुलगी घरी पोचेपर्यंत तो फोटो आणखी दहा गटांत गेलेला असतो.

इथे एक तुलना मला फार अस्वस्थ करते. २०२२ मध्ये देशात सायबर गुन्ह्यांची ६५,८९३ प्रकरणे नोंदली गेली आणि २०२३ मध्ये ८६,४२०. त्यांत फसवणुकीची प्रकरणे सुमारे दोन-तृतीयांश. पैशाच्या फसवणुकीसाठी सरकारने १९३० हा क्रमांक दिला. फोन केला की माहिती बँकांच्या साखळीत जाते आणि पैसा दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पोचण्याआधी गोठवता येतो. पहिला तास मोलाचा, हे तिथे सर्वांना मान्य आहे आणि यंत्रणा त्या हिशेबाने बांधली आहे. उत्तम आहे. मग अब्रूला तो हिशेब का नाही? पैसा उद्या परत मिळवता येतो, भरपाई देता येते. पसरलेले चित्र परत घेता येत नाही. आणि तंत्र उपलब्ध नाही असेही नाही. ब्रिटनमधल्या एका मदतसंस्थेने २०२१ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांना बरोबर घेऊन एक सोय सुरू केली. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त अंकी ठसा कंपन्यांकडे जातो आणि तो ठसा जुळणारे चित्र त्यांच्या जागी चढण्याआधीच अडवता येते. जे स्वेच्छेने होऊ शकते ते कायद्याने बंधनकारक करता येते. ऑस्ट्रेलियात तर यासाठी २०१५ पासून स्वतंत्र आयुक्त आहे आणि काढून टाकण्याचा त्याचा आदेश पाळला नाही तर कंपनीला दंड होतो.

हा विचार परदेशातून आणायची गरजही नाही. तो इथूनच निघाला आहे. या शहरापासून फार दूर नसलेल्या बस्सी तालुक्यातले भटेरी गाव. राज्याच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवींनी बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला आणि १९९२ मध्ये त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. त्या अत्याचारानंतर जी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली ती ‘विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य’. १३ ऑगस्ट १९९७ चा तो निकाल न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा, जे आधी राजस्थान उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्या निकालाने काय केले? शिक्षा वाढवली नाही. कामाच्या जागी छळ झाला तर ती निव्वळ दोन माणसांमधली बाब नाही, ज्याची ती जागा आहे त्या मालकाचे ते कर्तव्य आहे, असे सांगितले. समिती नेमा, तिची प्रमुख स्त्री असू द्या, बाहेरची व्यक्ती घ्या, तक्रार गुप्त ठेवा. या एका सूत्राने देशातली कार्यालये बदलली, आणि २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. मग मी विचारतो, कोट्यवधी माणसे जिथे रोज वावरतात आणि ज्या वावरण्यातून मालकाला उत्पन्न मिळते, त्या जागेच्या मालकाला ‘मी फक्त जागा दिली’ हे उत्तर का चालावे? भटेरीच्या एका साथिनीच्या दुःखातून निघालेले तत्त्व आपण समाजमाध्यमाच्या दारापर्यंत नेले पाहिजे.

यानंतर गुन्ह्याच्या व्याख्येचा प्रश्न येतो, आणि इथे मला सर्वांत जास्त सावध राहायचे आहे. आपण आज जमलो आहोत त्या तिलक नगराचे नाव ऐकताच मराठी मनात लोकमान्य टिळकांवरचे राजद्रोहाचे खटले उभे राहतात. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावले की सरकारबद्दल प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती. एवढ्या रुंद जाळ्यात कोण अडकणार नाही? सैल शब्द सत्तेच्या हाती दिले की काय होते हे लोकमान्यांच्या तुरुंगवासाने आपल्याला शिकवले, आणि तरी आपण विसरलो. २००८ च्या दुरुस्तीत ६६अ कलम आले. ‘त्रासदायक’, ‘गैरसोय करणारे’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असे काहीही पाठवले तर तीन वर्षे. मुळात हेतू ऑनलाइन छळ थांबवण्याचा होता. वापर कुणावर झाला? २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या एका मुलीला आणि त्या ओळी आवडल्याची खूण केली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. ज्यांच्या रक्षणासाठी कायदा केला त्याच वयाच्या मुली त्या कायद्याखाली ठाण्यात बसल्या. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. रद्द झाल्यावरही त्याखाली गुन्हे दाखल होत राहिले, महाराष्ट्रात ३८१ आणि राजस्थानात १९२, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. केरळनेही २०२० च्या नोव्हेंबरात तशाच सैल शब्दांचा वटहुकूम काढला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच मागे घेतला.

तेव्हा मला टीकेला गुन्हा ठरवणारा कायदा नको आहे. कठोर, बोचरी, अन्यायकारक टीकासुद्धा कायद्याने सहन केली पाहिजे. राज्यकर्त्यांवरची तर नक्कीच. मला हवी ती व्याख्या संमतीवर उभी असेल. आज ६७ वे कलम विचारते, ‘चित्र अश्लील आहे का?’ विचारायला हवे ते, ‘तिची संमती होती का?’ पहिल्या प्रश्नात समाजाच्या नीतिमत्तेची काळजी आहे, बाई त्यात नाहीच. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले खोटे नग्न चित्र घ्या. ६६ई कलमाला खासगी अवयवाचे टिपलेले चित्र लागते आणि इथे तर काही टिपलेलेच नाही, बनवलेले आहे. २०१३ मध्ये, न्यायमूर्ती वर्मा यांच्याच समितीच्या अहवालानंतर, पाठलागाचा गुन्हा कायद्यात आला आणि त्यात इंटरनेटवरची पाळतही आली. आता तो न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. तो चांगला आहे, पण त्याच्या नजरेसमोर एक पुरुष आहे जो पुन्हा पुन्हा संपर्क करतो. एक जण इशारा देतो आणि हजार माणसे प्रत्येकी एकच संदेश पाठवतात, हे त्या नजरेला दिसत नाही. त्या इशारा देणाऱ्याला गुन्हेगार म्हणणारे नेमके शब्द आपल्याला लिहिता येणार नाहीत का? पत्ता जाहीर करणे, फोन नंबर पसरवणे, बलात्काराची धमकी देणे, झुंड पाठवणे, संमतीशिवाय खरे वा बनावट खासगी चित्र टाकणे: ही सगळी कृत्ये आहेत, मते नाहीत. त्यांची नावे घेता येतात. आणि पुण्याच्या प्रकरणाने दाखवले तसे, बळी मुलगाही असू शकतो. पाठलागाचे कलम त्याला आजही ओळखत नाही.

पुराव्याबद्दल थोडेच सांगतो. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हे सरकारी कार्यालयातल्या व्हिडिओत दिसत होते, पण तो व्हिडिओ पुरावा म्हणून मांडायला लागणारे प्रमाणपत्र कार्यालय मागूनही देत नव्हते. १४ जुलै २०२० च्या निकालाने प्रमाणपत्र आवश्यकच ठरवले. मात्र ज्याच्या हाती ते नाही त्याला न्यायालयामार्फत मागवता येईल असेही म्हटले. आमदारकी पणाला लागलेल्या माणसालाही हे जड गेले, तर हातात चार स्क्रीनशॉट घेऊन आलेल्या मुलीचे काय? तक्रार घेतानाच पोलिसांनी डिजिटल प्रत जपावी आणि कंपनीने प्रमाणपत्रासह नोंदी द्याव्यात, हे कायद्यानेच सांगितले पाहिजे.

आता आक्षेप. पहिला, खोट्या तक्रारी होतील. होतील, काही होतील. म्हणूनच शिक्षा वाढवण्यापेक्षा मजकूर झटपट काढण्यावर माझा भर आहे. चुकून काढलेला मजकूर जपलेल्या प्रतीवरून पुन्हा लावता येतो; चुकून तुरुंगात घातलेल्या माणसाची वर्षे परत देता येत नाहीत. दुसरा आक्षेप खासगीपणाचा: कंपन्यांकडून माहिती घेण्याचा अधिकार वाढला तर सरकार सगळ्यांवरच नजर ठेवील. हा आक्षेप गंभीर आहे आणि खासगीपणाला मूलभूत हक्क मानणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर तो बाजूला सारता येणार नाही. म्हणून मागणी एका तक्रारीपुरती, एका खात्यापुरती आणि दंडाधिकाऱ्याच्या नजरेखाली असावी. सगळ्यांचे संदेश उघडण्याची किल्ली कोणालाही देऊ नये. तिसरा आक्षेप मात्र मी फेटाळतो: ‘इतका त्रास होतो तर खाते बंद करा.’ रस्त्यावर छेड काढली जाते म्हणून मुलींची शाळा बंद करणाऱ्यांना महाराष्ट्राने फार पूर्वीच उत्तर दिले आहे. आज वकिली, पत्रकारिता, दुकान, नोकरीचा अर्ज, सगळे तिथेच आहे. तिथून हाकलणे म्हणजे उपजीविकेतून हाकलणे. आणि शिक्षेला काहीच अर्थ नाही असेही मी म्हणत नाही. समाजमाध्यमांवरच्या शिव्याशापांनंतर एका तरुण कुस्तीपटू स्त्रीने जीव दिला तेव्हा जपानने २०२२ मध्ये अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा तीस दिवसांच्या आतून एक वर्षापर्यंत नेली. पण तीन वर्षांनी या बदलाचा अभिव्यक्तीवर काय परिणाम झाला ते तपासावे, असे कलमही सोबत जोडले. कडकपणाबरोबर अशी तपासणी आपणही घालावी.

या सभागृहात वकील असतील, शिक्षक असतील, महाराष्ट्रातल्या आणि राजस्थानातल्या लोकप्रतिनिधींना ओळखणारेही असतील. त्यांना माझी विनंती अशी: ‘शक्ती’चे नवे रूप जेव्हा येईल तेव्हा फाशीबद्दल नंतर विचारा. आधी विचारा, कंपनीच्या दंडाचे कलम आहे का, गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला उत्तरदायी धरले आहे का, उपनिरीक्षकाला शिकवून तपासाचा अधिकार दिला आहे का. हीच मागणी राजस्थानच्या विधानसभेकडेही करा, कारण पुण्याच्या तक्रारीवर अलवरच्या पोलिसांनी त्याच दिवशी हलले पाहिजे. आणि कायदा येईपर्यंत, तुमच्या घरातले मूल फोन घेऊन घाबरलेल्या चेहऱ्याने समोर आले, तर ‘फोटो पाठवलासच का?’ हे विचारू नका. पैसे देऊ नका, खाते आणि संदेश पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, लिंक उतरवून घ्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा आणि त्याच दिवशी त्याच्याबरोबर ठाण्यात जा. दुसऱ्या गावातला गुन्हा असला तरी झिरो एफआयआर घेणे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने पोलिसांवर बंधनकारक आहे. अर्जावर परत येऊ नका, एफआयआरची प्रत घेऊनच या.